तळ्यागणिक माशांचा रंग का बदलतो?

पुणे शहरातील गणेश पेठेच्या मासळी बाजारात सकाळी माल उतरू लागला म्हणजे एक गोष्ट चटकन नजरेत भरते. एका पाटीतील रोहू रुप्यासारखा उजळ, पाठीवर जेमतेम करडी झाक असलेला; शेजारच्या पाटीतील रोहू वजनाने व लांबीने तसाच, पण पाठ जवळजवळ काळी आणि पर धुरकट. गिऱ्हाईक बहुधा उजळ माशाकडे वळते. काळपट मासा शिळा असावा, घाण पाण्यातला असावा, नाहीतर एखाद्या हलक्या जातीचा असावा, अशी त्याची समजूत असते. ती खरी की खोटी याचा विचार बाजारात कोणी करीत नाही. तिचा भार मात्र मासे वाढविणाऱ्या शेतकऱ्याच्या भावावर पडतो.

हीच समजूत गावात आली म्हणजे तंट्याचे रूप घेते. समजा, पुरंदर तालुक्यातील दोन भावांनी एकाच मत्स्यबीज केंद्रातून, एकाच दिवशी, कटला व रोहू यांची बोटुकली आणली आणि निम्मी निम्मी वाटून घेतली. थोरल्याचे शेततळे काळ्या प्लॅस्टिकच्या अस्तराचे, विहिरीच्या स्वच्छ पाण्याने भरलेले. धाकट्याचे तळे जुने, काळ्या मातीत खोदलेले, ओढ्याच्या पाण्यावर अवलंबून असलेले. सहा महिन्यांनी जाळे ओढले तेव्हा थोरल्याचे मासे कोळशासारखे गडद निघाले व धाकट्याचे फिकट, किंचित पिवळसर. थोरल्याने लगेच दोन तर्क केले: एक तर बीज वाटताना आपल्या वाट्याला निराळ्या जातीचे बीज आले, किंवा तळ्यात रोग शिरला. पहिल्या तर्काने भावाभावांत अबोला येतो, आणि दुसऱ्या तर्काने तळ्यात नको ती औषधे पडतात. अशा वेळी गावपातळीवरील कार्यकर्त्याला बोलावणे येते, आणि त्याने काय सांगावे हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

माशाच्या कातडीतील रंगपेशी

माशाचा रंग भिंतीला लावलेल्या चुन्याप्रमाणे कायमचा नसतो. त्याच्या कातडीत खवल्यांच्या वर व खाली सूक्ष्म रंगपेशी विखुरलेल्या असतात. त्यांपैकी काही पेशींत काळे कण असतात, काहींत पिवळे वा तांबडे, आणि काहींत ग्वानीन नावाच्या द्रव्याचे चकचकीत स्फटिक असतात. माशाच्या अंगावरची चंदेरी चमक ती या स्फटिकांची. युरोपात एका लहान नदीमाशाच्या खवल्यांतून हेच द्रव्य काढून काचेच्या मण्यांना त्याचा लेप देत व त्यांचे खोटे मोती बनवीत, यावरून त्या चमकेची कल्पना यावी.

काळ्या कणांच्या पेशी चांदणीसारख्या फाटे फुटलेल्या असतात. त्यांतील कण सर्व फाट्यांत पसरले म्हणजे मासा गडद दिसतो. तेच कण पेशीच्या मध्यभागी गोळा झाले म्हणजे मासा फिका दिसतो. पेशी तीच, कणही तेच. फक्त ते पसरले किंवा आवळले एवढाच फरक. ही हालचाल काही मिनिटांत किंवा थोड्या तासांत होऊ शकते. याखेरीज दुसरा एक सावकाश होणारा बदल आहे. मासा कित्येक आठवडे गडद परिसरात राहिला तर त्याच्या कातडीतील काळ्या पेशींची संख्या व त्यांतील रंगद्रव्य ही दोन्ही वाढतात. उजळ परिसरात राहिला तर ती कमी होतात. थोरल्या भावाच्या तळ्यातील मासा सहा महिने गडद परिसरात राहिलेला असल्यामुळे त्याचा रंग बाजारात नेईपर्यंत पुष्कळसा टिकून राहतो, तो या दुसऱ्या बदलामुळे.

या सर्व कारभाराची सूत्रे मज्जातंतू आणि मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी यांच्याकडे असतात. मत्स्यशेती करणाऱ्यांना ही ग्रंथी अनोळखी नाही. १९५७ साली कटक येथे हिरालाल चौधुरी व त्यांचे सहकारी यांनी याच ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांचे प्रेरित प्रजनन साध्य केले, आणि म्हणूनच आज नदीतून बीज गोळा करीत न बसता केंद्रातून ते विकत घेता येते.

डोळा पाहतो, कातडी बदलते

परंतु पाणी गडद आहे की उजळ हे माशाला कळते कसे? कातडीला ते आपोआप कळत नाही. ते कळते मुख्यत्वे डोळ्याला. माशाच्या डोळ्यात वरून येणारा उजेड एका भागावर पडतो आणि तळाकडून परत फिरून येणारा उजेड दुसऱ्या भागावर पडतो. या दोहोंचे प्रमाण पाहून मज्जातंतू व ग्रंथी कातडीला हुकूम देतात. वरून भरपूर उजेड येत असून खालून काहीच परत येत नसेल, तर मासा गडद होतो. खालूनही पुष्कळ उजेड येत असेल, तर तो फिका होतो.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे दोन्ही भावांच्या तळ्यांचे कोडे सुटते. थोरल्याच्या तळ्यात पाणी नितळ आहे. सूर्यप्रकाश सरळ तळापर्यंत जातो आणि काळे प्लॅस्टिक तो गिळून टाकते. परत काहीच येत नाही. मासा जणू काळ्या तव्यावर पोहत असतो, म्हणून तोही काळवंडतो. धाकट्याच्या तळ्याचा तळ खरे पाहता काळ्या मातीचाच आहे; पण तेथील पाण्यात चिकणमातीचे बारीक कण तरंगत असतात. त्या कणांवर आपटून उजेड चहूकडे फाकतो, खालून व बाजूनेही डोळ्यात येतो, आणि मातकट पाणी माशाला उजळ भिंतीसारखे दिसते. तळ काळा असूनही मासा फिका राहतो, कारण तो तळ त्याला दिसतच नाही. काठावर उभे राहून पाहणाऱ्या माणसाला गढूळ पाणी काळेभोर वाटते व नितळ पाणी उजळ वाटते. माशाचा अनुभव बरोबर याच्या उलट असतो, आणि पुष्कळसा घोटाळा येथेच होतो.

हाच प्रकार परदेशातही आढळतो. अमेरिकेत लार्जमाउथ बास नावाचा एक शिकारी मासा तळ्यांतून हौसेने वाढविला जातो. नात्याने तो दूरचा, पण दबा धरून भक्ष्य पकडण्याची त्याची रीत आपल्याकडील मरळ माशासारखी आहे. नितळ व पाणवनस्पती असलेल्या तळ्यात त्याची पाठ गर्द हिरवी आणि कुशीवरचा काळा पट्टा ठळक असतो; गढूळ तळ्यातील बास पांढुरका व पट्टा जेमतेम दिसणारा असतो. मरळ माशाचेही तसेच आहे. उघड्या, मातकट पाण्यातील मरळ राखाडी दिसतो, तर गर्द पाणवनस्पतींच्या सावलीतील मरळ काळपट हिरवा दिसतो. या माशाची अगदी लहान पिले नारिंगी रंगाची असून आईबापांच्या राखणीखाली थव्याने फिरतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना एकाच माशाचे किती रंग होतात हे निराळे सांगावयास नको.

पुण्याच्या आसपास पाण्याचे बहुतेक सर्व प्रकार थोड्या अंतरात पाहावयास मिळतात. १८७९ साली पूर्ण झालेल्या खडकवासला धरणाचे पाणी पावसाळ्यात तांबूस गढूळ होते व थंडीत निवळते. मुळा-मुठेच्या संथ डोहांवर उन्हाळ्यात जलपर्णीचे दाट आच्छादन पसरते व खाली अंधार होतो. शेततळ्यांतही हे ऋतुमान चालते. आषाढात फिके दिसणारे मासे पौषात गडद दिसू लागले, तर आधी पाणी निवळले काय हे पाहावे.

दोन बादल्यांचे प्रात्यक्षिक

शेतकऱ्याला हे तोंडी सांगून पटत नाही, आणि पटू नये हेच योग्य. त्याने ते डोळ्यांनी पाहावे. त्यासाठी एक पांढरी व एक काळी बादली घ्यावी. दोन्हींत त्याच तळ्याचे गाळून घेतलेले पाणी सारख्या उंचीपर्यंत भरावे आणि सारख्या आकाराची तिलापियाची, म्हणजे आपल्याकडील चिलापीची, चार चार बोटुकली सोडावीत. हा मासा रंग लवकर बदलतो म्हणून तो बरा. बादल्यांवर जाळी बांधून त्या उघड्या उजेडाच्या पण कडक ऊन नसलेल्या जागी शेजारी शेजारी ठेवाव्यात. एखाद्या तासाने सर्व मासे एकाच उथळ ताटात घेऊन लगेच पाहिले म्हणजे कोणते कोठले होते हे न सांगता ओळखू येते. नंतर बादल्यांची अदलाबदल करून पुन्हा तेवढाच वेळ जाऊ द्यावा. ताटात मासे घेतल्यावर फार वेळ पाहत बसू नये, कारण ताटाचा रंगही आपले काम करू लागतो.

या रंगबदलाचा माशाला उपयोग काय, याची परीक्षा फ्रान्सिस समनर या शास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात केली व तिचे निष्कर्ष १९३४ साली प्रसिद्ध केले. त्यासाठी त्याने गँबुसिया हे डासांच्या अळ्या खाणारे मासे घेतले. काही मासे काळ्या टाकीत व काही पांढऱ्या टाकीत कित्येक आठवडे ठेवून नंतर दोन्ही एकत्र करून पेंग्विन पक्ष्यांपुढे सोडले. आसपासच्या रंगाशी विसंगत दिसणारे मासे जास्त प्रमाणात खाल्ले गेले. मत्स्यशेतकऱ्याने यातून एक व्यवहाराची गोष्ट घेण्यासारखी आहे. केंद्रातील सिमेंटच्या उजळ टाकीतून आलेली बोटुकली फिक्या रंगाची असतात. ती काळ्या अस्तराच्या नितळ तळ्यात भर दुपारी सोडली, तर वरून पाहणाऱ्या खंड्याला आणि बगळ्याला ती पांढऱ्या खड्यांसारखी दिसणार. म्हणून बीज सायंकाळी सोडावे. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे आतील व बाहेरील पाण्याचे तापमान सारखे होते. पक्ष्यांचा उपद्रव असेल तेथे पहिले काही दिवस तळ्यावर दोऱ्या ताणाव्यात. पाणकावळा मात्र पाण्यात बुडी मारून मासे धरतो. त्याला दोऱ्यांचा धाक थोडाच, तेथे जाळीच हवी.

खाद्याने येणारा रंग

काळेपणा मासा स्वतः तयार करतो. तांबडा-पिवळा रंग मात्र त्याला उसना घ्यावा लागतो. कॅरोटिन वर्गातील ही रंगद्रव्ये मासा आपल्या शरीरात मुळापासून बनवू शकत नाही. ती शेवाळातून आणि शेवाळ खाणाऱ्या सूक्ष्म जलजीवांतून येतात. कोंबडीला हिरवा चारा व पिवळा मका मिळाला म्हणजे अंड्याचा बलक गर्द पिवळा होतो, तसेच हे आहे. ज्या तळ्यात शेणखतामुळे नैसर्गिक खाद्य मुबलक आहे, तेथील रोहूच्या परांना व खवल्यांना तांबूस झाक येऊ शकते. केवळ भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड यांवर वाढविलेला मासा वजनाला उणा नसला तरी ती झाक त्याला बेताचीच असते. शोभेचे मासे पाळणारे लोक खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांची पूड मिसळतात ती याचसाठी. खाण्याच्या माशांसाठी असा खर्च करण्याचे कारण नाही. त्यांच्याबाबत तळ्यातील नैसर्गिक खाद्य टिकविणे हेच स्वस्त व पुरेसे आहे.

ते खाद्य पुरेसे आहे काय हे पाहण्याची सोपी रीत अशी: हात कोपरापर्यंत पाण्यात उभा बुडवावा. तेवढ्यात तळवा दिसेनासा झाला व पाणी हिरवट असेल, तर खाद्य बेताचे ठीक आहे. तळवा स्पष्ट दिसला तर पाणी उपाशी आहे. पाणी मातकट असेल तर मात्र ही परीक्षा फसवी ठरते. अशा वेळी काचेच्या बाटलीत पाणी भरून रात्रभर स्थिर ठेवावे; तळाशी मातीचा थर बसतो की पाणी हिरवेच राहते हे सकाळी दिसते. थोरल्या भावाच्या मासळीत खरे उणे असलेच तर ते या बाबतीत असेल. प्लॅस्टिकवर माती नाही, मातीशिवाय नैसर्गिक खाद्य सावकाश धरते. म्हणून अशा तळ्यात खाद्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

जात ओळखावी ती रंगाने नव्हे

थोरल्याचा पहिला तर्क बीजाविषयी होता. जात आणि वंश यांमुळे रंग बदलतो हे खरेच आहे. शोभेचे तांबडे मासे त्याच बळावर तयार झाले. पण कटला, रोहू व मृगळ यांची ओळख तोंडावरून करावी. कटल्याचे डोके मोठे व तोंड वरच्या बाजूला वळलेले असते. रोहूच्या ओठांना झालरीसारखी कातर असते. मृगळ अंगाने लांबट असून त्याचे ओठ पातळ असतात. केंद्रात कधी कधी संकरित बीजही निपजते, परंतु तेही पाठीच्या काळेपणावरून ठरविता येत नाही. मागूर माशाच्या बाबतीत ही सावधगिरी विशेष हवी. परदेशी, मांसाहारी मागुराच्या संवर्धनावर भारत सरकारने २००० साली बंदी घातलेली आहे. केवळ रंग पाहून ‘हा देशी’ किंवा ‘हा बंदीचा’ असा निवाडा कार्यकर्त्याने देऊ नये. मासा मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्याला दाखवावा.

शास्त्रज्ञांनीही हा धडा जुन्या काळीच घेतला आहे. कर्नल साइक्स यांनी दख्खनमधील माशांवरील आपला निबंध १८३९ साली प्रसिद्ध केला, तेव्हा पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील एका मोठ्या खवल्यांच्या माशाला त्यांनी ‘खुद्री’ हे येथलेच नाव शास्त्रीय नावात घालून दिले व ते आजही चालते. अशा माशांचे वर्णन करताना पराचे काटे आणि अंगावरील खवल्यांची रांग मोजण्यावर भर देतात. मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्याचा रंग उडून जातो. काटे आणि खवले तेवढेच राहतात.

रंग केव्हा रोगाची खूण ठरतो

एवढे सांगितल्यावर शेतकऱ्याने रंगाकडे दुर्लक्षच करावे असा कोणी अर्थ घेईल, तर तो घातक ठरेल. कार्यकर्त्याने पहिला प्रश्न विचारावा तो हा: रंग सगळ्यांचा बदलला की एखाद्याचाच? तळ्यातील झाडून सारे मासे सारखेच गडद किंवा सारखेच फिके असतील, आणि खाणे-फिरणे नेहमीसारखे असेल, तर कारण बहुधा पाण्यात आहे. फिक्या माशांच्या कळपात दोन-चारच काळे मासे काठाशी एकटे फिरत असतील, तर कारण त्या माशांत आहे. त्यांतला एखादा आंधळाही असू शकतो. डोळा निकामी झाला म्हणजे आसपासचा उजेड कळत नाही, काळ्या कणांना आवर राहत नाही आणि मासा गडद होतो. अशा माशाच्या डोळ्यावर पांढरा पडदा दिसतो काय ते पाहावे. कल्ल्यांचा रोग, उपासमार व अशक्तपणा यांनीही एकेकटा मासा काळवंडतो.

अंगावर तांबडे डाग किंवा चिघळलेल्या जखमा दिसल्या तर तो रंगबदल नव्हे, रोगच होय. १९८८ पासून भारतात पसरलेला व्रणरोग मरळ माशाला विशेष झोंबतो आणि थंडीत बळावतो. अशा वेळी जाळी व भांडी दुसऱ्या तळ्यात नेऊ नयेत आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला त्याच दिवशी कळवावे. पहाटे सर्व मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळताना दिसले, तर रंग कसाही असो, प्राणवायू कमी पडला आहे असे समजावे. खाद्य व खत थांबवावे आणि पंप लावून ताजे पाणी उडवत सोडावे. निदान झाल्यावाचून तळ्यात औषध टाकणे म्हणजे धडधाकट माशांना विनाकारण त्रास देणे आणि त्यांचे खाद्य असलेले शेवाळ मारणे होय.

बाजारात ताजेपणाची परीक्षा कल्ले, डोळे आणि मांस यांवरून होते. कल्ले लालभडक, डोळे फुगीर व स्वच्छ, बोटाने दाबलेले मांस लगेच वर येणारे, असा मासा काळा असला तरी ताजा. उलट रुपेरी दिसणाऱ्या माशाचे कल्ले विटकरी व चिकट असतील तर तो शिळा. काळपट माल नेणाऱ्या शेतकऱ्याने दलालापुढे कल्ला उघडून दाखवावा. ते त्याच्या हिताचे आहे. मासा मातीसारखा वासाळ लागतो ही तक्रारही रंगावर ढकलली जाते. तो वास विशिष्ट नीलहरित शेवाळापासून येतो, आणि विक्रीपूर्वी काही दिवस मासे स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवले म्हणजे पुष्कळसा जातो.

राहिला दोन भावांचा तंटा. दोन्ही तळ्यांत रोगाची काहीच खूण नाही अशी खात्री झाल्यावर कार्यकर्त्याने प्रत्येक तळ्यातील दहा मासे घ्यावेत, पोटाखालच्या एका पराचे टोक कातरून त्यांच्यावर खूण करावी आणि अदलाबदल करून सोडावेत. काळे मासे मातकट पाण्यात व फिके मासे प्लॅस्टिकच्या तळ्यात. पहिल्या दिवसापासून दोघा भावांनी मिळून पाहावे. पाच-सहा आठवड्यांनी पुन्हा जाळे ओढावे. बीज एकच असेल, तर खुणेचा मासा शोधताना प्रत्येक माशाचे पोट उलटून पर पाहावा लागतो. नुसत्या रंगावरून तो सापडत नाही.